कान असलेला डबा

१४ जानेवारी २००९

प्रिय दादा,

तीन रविवार फोन करतेय आणि तिन्ही रविवारी वहिनीनं सांगितलं, "ते दुकानात गेलेत." मोटर दुरुस्तीचं दुकान रविवारीही उघडं असतं हे मला नवीनच आहे. मी इथे यायला निघाले त्या दिवशीही तू निरोप द्यायला आला नव्हतास, कुणाची तरी मोटर उघडी पडली होती म्हणे. त्याला आता चार वर्षं झाली. इतका वेळ राग धरायला तुला फुरसत कशी मिळते, तूच जाणे. म्हणून आज पत्र लिहितेय. पत्र काही दुकानात जात नाही.

बातमी अशी की मी नोकरी सोडली. ओरडू नकोस, आधी पुढचं वाच. इथे राहायची परवानगी त्या नोकरीलाच टाचलेली होती, त्यामुळे दोन वर्षांत माझी स्वतःची कंपनी उभी राहिली नाही तर मला गाशा गुंडाळावा लागेल. कंपनी म्हणजे सध्या मी, माझा एक भागीदार आणि कपडे धुवायच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली अठरा वॉशिंग मशीन चालू झाली की टेबलावरचा चहा थरथरतो.

शाळेतून आले की दप्तर टाकून मी तुझ्या दुकानात यायचे, आठवतं? चालत्या मोटरीच्या बेअरिंगवर तू स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचास, लाकडी दांडा कानाला लावायचास आणि डोळे मिटायचास. मग म्हणायचास, "महिनाभर चालेल." मोटर महिनाभरच चालायची. मी इथे तेच करतेय. एक छोटा डबा आहे, चुंबकानं मोटरीला चिकटतो आणि ऐकत बसतो. फक्त कुठल्या आवाजाचा अर्थ काय, हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं. इथल्या इंजिनिअरांना विचारलं तर ते आलेख काढतात.

सोबत हेडफोन, एक छोटं यंत्र आणि साठ मोटरींचे आवाज पाठवतेय. ऐक आणि प्रत्येक नंबरापुढे एवढंच लिही: ठीक, ग्रीस मागतेय, बेअरिंग चाललंय, बेअरिंग गेलं. दादा, चेष्टा नाही, माझं इथलं राहणं आता तुझ्या कानावर आहे.

तुझी बहीण


२० फेब्रुवारी २००९

पिपाणीस आशीर्वाद, त्यातले अर्धे वहिनीचे.

तुझं खोकं पोचलं. हेडफोन घालून बसलो तर दोन गिऱ्हाइकं मला गाणी ऐकतोय समजून परत गेली. त्यांच्या मोटरी तू दुरुस्त करून दे.

साठही ऐकल्या, दोन-दोनदा. निकालाचा कागद जोडला आहे. नऊ नंबर गेलेली आहे, तिच्या मालकाला आजच कळव. तेवीस नंबरला कुणीतरी ग्रीस भरभरून कोंबलंय, लग्नात पाहुण्याला आग्रह करतात तसं. चाळीस नंबरमध्ये मागे एक माणूस सारखा शिंकतोय. मोटर ठीक आहे, माणसाला डॉक्टरकडे पाठव.

माझा राग-बिग काही नाही. फोनवर तू पिपाणी वाजवल्यासारखी बोलतेस आणि मला काही कळत नाही. तेव्हा लिहीत जा. लिहिलेलं दोनदा वाचता येतं.

डबा चांगला शिकव. आणि चहाचा कप टेबलाच्या पायाजवळच्या कोपऱ्यावर ठेव, तिथे थरथर कमी असते.

दादा


५ सप्टेंबर २०११

प्रिय दादा,

आता बसून वाच. डबा एकवीस कारखान्यांत लागला! आम्ही चौतीस माणसं झालो, कपडे धुवायच्या दुकानावरून उठून एका उंच इमारतीत आलो आणि माझी राहायची परवानगी पक्की झाली, कंपनी आहे तोवर तरी. इथे खिडक्या उघडत नाहीत. दिवसभर एकाही मोटरीचा आवाज कानावर पडत नाही, यानंच मला पहिला आठवडा कसंतरी होत होतं.

मागच्या महिन्यात इथल्या आपल्या माणसांच्या मोठ्या सभेत मला बोलायला बोलावलं होतं. आपल्याच भाषेत बोलले, बारा मिनिटं. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन दाखवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याचा व्हिडिओ पाठवलाय. बघ, आणि काय वाटलं ते खरं लिही. जे वाटेल ते.

नव्या दोनशे आवाजांचं खोकंही आहे. तुझ्या निकालांवर आमचा सगळा डोलारा उभा आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

एक विनंती. वहिनीनं परवा ऑफिसच्या नंबरावर फोन केला आणि माझ्या सहकाऱ्याकडे "पिपाणीला बोलवा" म्हणाली. इथे आधीच माझं नाव तोडून दोन अक्षरांचं केलंय. त्यात आता हे नको. चौतीस माणसांची प्रमुख आहे मी. पिपाणी म्हणणं बंद करा दोघांनी.

तुझी बहीण


१८ ऑक्टोबर २०११

प्रमुखबाईंस,

व्हिडिओ पाहिला. कोट छान दिसत होता. वाळलीस. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती, म्हणजे चांगलंच बोलली असशील. स्क्रू-ड्रायव्हर मात्र उलटा धरलास. दांडा कानाला आणि टोक मोटरीला, तू टोक कानाजवळ नेलंस. मोटर चालू असती तर कान फुटला असता.

दोनशे निकाल जोडले आहेत. या वेळी उशीर झाला, दुकानात काम फार आहे.

वहिनीला निरोप सांगितला. ती म्हणाली, बरं.

दादा


९ मार्च २०१४

प्रिय दादा,

हे पत्र चारदा लिहून फाडलं.

गेल्या तीन खोक्यांमध्ये डब्याचं आणि तुझं पटत नाहीये. आधी शंभरात एखादी मोटर असायची, आता शंभरात तीस. डबा म्हणतो बेअरिंग चाललंय, तू लिहितोस ठीक. भागीदाराचं म्हणणं, म्हाताऱ्याला कंटाळा आला असेल, न ऐकताच ठीक ठीक लिहीत सुटलाय. मी भर बैठकीत त्याच्यावर ओरडले. म्हटलं, डबा ज्यानं शिकवला त्याच्यावर डबा शिरजोर होणार नाही. आता नियमच केलाय: जिथे दोघांचं वेगळं पडेल तिथे दादाचं खरं. तू ठीक म्हणालास की डब्याचा इशारा आम्ही बंद करतो.

पण तू मला खरं सांग. तू ऐकून लिहितोस ना? माझ्यावर कशाचा राग असेल तर तो माझ्यावर काढ, कागदावर नको. एकदा फोनवर ये, पाच मिनिटं. तुझा आवाज ऐकून मला पाच वर्षं होऊन गेली.

तुझी बहीण


२ एप्रिल २०१४

प्रमुखबाईंस,

मी तिसऱ्या इयत्तेत असताना बाबांच्या गिरणीची मोटर कानानं ओळखली होती. तुझा भागीदार तेव्हा कुठे होता ते विचार त्याला. कान ठणठणीत आहे माझा. डब्यावर जास्त विश्वास असेल तर डब्यालाच पत्र लिहीत जा.

फोन नको. काम चालू असतं.

निकाल जोडले आहेत. सगळे ऐकून लिहिलेत.

दादा


२७ नोव्हेंबर २०१४

प्रिय दादा,

मी कंपनीत आता नाही. तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगते.

खोकी भरायच्या एका कारखान्यात आमचा डबा लागला होता. ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका मोटरीचं बेअरिंग चालता चालता जाम झालं, पट्टा तुटून उसळला आणि पट्ट्याशेजारी उभ्या असलेल्या पॅकिंगच्या बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. डब्याचं चुकलं. त्यानं इशारा द्यायला हवा होता, दिला नाही. संचालकांनी विचारलं, जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. कंपनी भागीदाराकडे गेली. माझ्या परवानगीचे आता थोडेच महिने उरलेत. टेबल आवरायला वीस मिनिटं लागली. त्यात तुझ्या निकालांचे कागद होते, ते मात्र मी मागून घेतले.

तुझं यात काही नाही. पुन्हा लिहिते, डब्याचं चुकलं.

आणि आता जे तीन वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं ते. त्या सभेत मी पहिलंच वाक्य म्हटलं, "माझे वडील मोटरींचे डॉक्टर होते." स्क्रू-ड्रायव्हर, मिटलेले डोळे, महिनाभर चालेल, सगळं बाबांच्या नावावर सांगितलं. भागीदार म्हणाला होता, भाऊ नको, गेलेले वडील म्हण, लोकांच्या काळजाला लवकर भिडतं. आणि मी म्हटलं. तू व्हिडिओ पाहिलास आणि कोटाबद्दल लिहिलंस. तेव्हापासून रोज वाटतंय की तू आतून तुटला आहेस आणि बोलत नाहीयेस. तुझ्या जागी मी असते तर निकालाचे कागद चुलीत घातले असते. मला माफ कर, दादा. तुझं होतं ते मी दुसऱ्याला देऊन टाकलं.

तुझी बहीण


१९ डिसेंबर २०१४

पिपाणीस,

आता प्रमुख नाहीस, तेव्हा जुनं नाव चालू.

आधी त्या बाईचं सांग. कोण आहे, घरी कोण आहे, हाताला काय केलं? तू तुझ्या टेबलाबद्दल लिहिलंस, तिच्याबद्दल एकच ओळ. तिला भेटलीस का?

बाकी वाईट वाटून घेऊ नकोस. डबा शेवटी डबाच. मी एप्रिलमध्ये म्हटलंच होतं. माझ्या कानावर आणखी थोडा भरवसा ठेवला असतास तर ही वेळ आली नसती.

वडिलांचं म्हणशील तर मला तुझ्या या पत्रातूनच कळलं. वहिनीला विचारलं, ती म्हणाली, मी तेव्हाच ऐकलं होतं, तुम्हाला सांगून काय करू. त्यात काय एवढं? बाबांना आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, गेल्यावर वाजवल्या. मी रागावलेलो नाही. मला ठाऊकच नव्हतं तर रागावणार कुठून?

इकडे ये. मागची खोली रिकामी आहे.

दादा


८ जानेवारी २०१५

दादा,

व्हिडिओ बारा मिनिटांचा होता. "माझे वडील" हे पहिलंच वाक्य होतं. तू पुढच्या रांगेतल्या बाईचे डोळे पाहिलेस, माझा कोट पाहिलास, स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरलेला पाहिलास. पहिलं वाक्य तुला तीन वर्षांनी पत्रातून कळलं.

तुझं पत्र आल्यापासून मी तुझे सगळे कागद जमिनीवर पसरून बसलेय. जिथे तुझं आणि डब्याचं वेगळं पडलंय तो प्रत्येक आवाज बारीक आहे, शिट्टीसारखा. जाड आवाज, घरघर, खडखड, एकही चुकलेला नाही. रागावलेला माणूस इतका नीट निवडून चुकत नाही. हे मला आधी दिसायला हवं होतं. मी तुझ्या रागाचाच विचार करत बसले.

व्हिडिओ लावलास तेव्हा आवाज बंद होता का? एवढंच सांग.

तुझी बहीण


१ फेब्रुवारी २०१५

पिपाणीस,

आवाज बंद नव्हता. पूर्ण मोठा होता. वहिनी म्हणत होती, शेजारी भांडायला येतील.

आता सांगतोच. लपवून फार दिवस झाले.

सुरुवात तुझ्यापासून झाली. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी फोनवर तुझं बोलणं मधूनमधून गळायला लागलं. मला वाटलं फोन बिघडला, नवीन आणला. मग वाटलं, एवढी लांब गेलीय म्हणून आवाज पोचत नसेल. ट्रकवाल्यांचं ऐकू यायचं, दुकानातल्या गिऱ्हाइकांचं यायचं, तुझंच यायचं नाही. शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, बारीक आवाज आधी जातात, बायकांचे, लहान मुलांचे, पाखरांचे. तीस वर्षं ग्राइंडरशेजारी कानात कापूस न घालता उभा राहिलो त्याचं फळ. मी त्यांना सांगितलं नाही, पण मला कळलं. माझा पहिला गेलेला आवाज तुझा होता. तू हॅलो म्हणायचीस आणि पलीकडे नुसती हवा असायची. तुला ते कळू नये म्हणून मी रविवारी दुकानात जाऊन बसायचो.

तेवढ्यात तुझं पत्र आलं की माझं इथलं राहणं तुझ्या कानावर आहे. आता तूच सांग, मी काय लिहायला हवं होतं?

पहिली दोन वर्षं मोटरींचं कळत होतं, खरंच ऐकून लिहिलं. मग तेही जाऊ लागलं. मी स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा दातांत धरायला लागलो, जबड्यातून कळतं. तुझा हेडफोनही दातांत धरला. वहिनी आधी हसली आणि मग रडली. जाड आवाज असे कळतात. बारीक असेल तिथे शांत लागायचं, आणि मी ठीक लिहायचो. तीस वर्षांची सवय ना, मोटरीचा त्रास ऐकू आला नाही म्हणजे तिला त्रास नाही.

ती मोटर. तू डब्याचं चुकलं असं दोनदा लिहिलंस. एकदा लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता. डबा बोलला होता आणि मी ठीक लिहिलं होतं, असंच ना? आणि मी तुला वर डिसेंबरात शहाणपण शिकवलं! खरं काय ते लिही, मला सांभाळू नकोस. मी तुला सांभाळायला गेलो आणि एका बाईची बोटं गेली.

त्या बाईकडे जा. तिला खरं सांग. टाळ्या होत्या तिथे वडील म्हणालीस, चाललं. इथे भाऊ म्हण.

दुकान परवा बंद केलं. कुलूप घालताना काही ऐकू आलं नाही, नेहमी कडक आवाज यायचा.

दादा


३ मार्च २०१५

प्रिय दादा,

हो. डबा बोलला होता. जुलैमध्येच. तू ठीक लिहिलंस आणि मी डब्याचा इशारा बंद करायच्या कागदावर सही केली. कागद तुझा आणि सही माझी. मी एकदाही म्हटलं नाही की पुन्हा तपासू, कारण तपासणं म्हणजे तुझ्यावर अविश्वास, असं मला वाटायचं.

काल तिच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर राहते, तीही बाहेरून आलेली, माझ्यासारखीच, माझ्याआधी. दोन मुली आहेत. शाळेच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, डाव्या हातानं, उजवा नुसता कापड दाबून धरायला. मला वाटलं होतं हाकलून देईल. तिनं खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले आणि बस म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तुझ्याबद्दलही. माझा भाऊ, म्हटलं. मोठा भाऊ, मला मोटरी ऐकायला त्यानंच शिकवलं, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. हे पहिल्यांदाच कुणासमोर बोलले. तुझी ओळख जगाला करून द्यायची होती ती मी अशी करून दिली.

तिनं हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. मग म्हणाली, "मला ऐकू येत होतं."

मी म्हटलं, काय?

"ती मोटर. तीन महिने शिट्टी घालत होती. आम्ही सगळ्या बायका म्हणायचो, हिला कुणीतरी बघा. मुकादम म्हणायचा, तिला डबा लावलाय, काही असेल तर डबा बोलेल. मग आम्ही म्हणणं सोडून दिलं."

दादा, सहा वर्षं मी यंत्राला कान लावत होते. तिथे पट्ट्याशेजारी आठ बायका उभ्या होत्या, चोवीस तासांतले नऊ तास, धडधाकट कानांच्या. त्यांना विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. तू त्या कारखान्यात गेला असतास तर आधी त्यांनाच विचारलं असतंस. दुकानात कुणी मोटर घेऊन आलं की तुझा पहिला प्रश्न तोच असायचा, घरात हिचा आवाज कुणी ऐकला? मी तुझा कान घेतला आणि तो प्रश्न मागे ठेवून आले.

ती मला माफ केलं असं म्हणाली नाही. मीही मागितलं नाही. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, भावाला सांग, अशी वाजत होती. आणि तिनं ओठ आवळून ती शिट्टी काढून दाखवली. बारीक, एकसारखी, शेवटी किंचित वर चढणारी. लगेच ओळखली मी. तुझ्या दुकानात तू मला शिकवलेली पहिली तीच.

ती इथे कशी लिहू? घरी आल्यापासून काढून बघतेय, हुबेहूब जमते. वीस तारखेला पोचेन. तुझ्यासमोर बसेन आणि काढून दाखवेन, तू माझ्या ओठांकडे बघशील.

मागची खोली झाडून ठेवू नकोस, मी झाडेन. स्क्रू-ड्रायव्हर कुणाला देऊ नकोस.

तुझी
पिपाणी